आयोडीनची चढती रेघ

२ फेब्रुवारी

आज झोका टांगला, चेंबरचं दार लावलं आणि आतली हवा उपसायला पंप सुरू केले. आता महिनाभर आत हात घालता येणार नाही. जे विसरलं ते विसरलं. दार लावताना मी दर वेळी यादी तीनतीनदा वाचते. सरांनी मात्र बोल्ट एकेक करून असे आवळले, जसे काही घरी डब्याचं झाकण लावतायत.

झोका म्हणजे काय ते इथे नीट लिहून ठेवते, कारण मोठी झाल्यावर माझी दैनंदिनी वाचणार असल्याचं माझ्या लेकीने, बारकीने, आत्ताच जाहीर केलंय. तर बारके, ऐक. उपग्रहाला आकाशात थोडं इकडेतिकडे सरकायचं असेल तर विजेवर चालणारा छोटा थ्रस्टर लागतो. एखाद्या पदार्थाची वाफ करायची, तिला विजेचा तडाखा द्यायचा आणि जोरात मागे फेकायची, की उपग्रह पुढे. यातून मिळणारा रेटा एवढासा, की कागदाचा चिटोरा तळहातावर ठेवला तर जेवढा भार होईल तेवढाच. तो मोजायचा म्हणून आम्ही थ्रस्टर एका झोक्यावर टांगतो आणि झोका किती मागे सरकतो ते बघतो.

आजवर सगळे त्यासाठी झेनॉन गॅस वापरत आले. मीही इथे येण्यापूर्वी तेच केलं. तो महाग, आणि जाड बाटलीत दाबून भरावा लागतो. आम्ही वापरतोय आयोडीन. काळेकरडे चकचकीत खडे. ऊब दिली की डांबरगोळीसारखे न वितळता उडायला लागतात. दाब नाही, जाड बाटली नाही, थोडक्या जागेत भरपूर माल. एकच खोड आहे, दिसेल तो धातू कुरतडायचा. म्हणून अंगठ्या, घड्याळं सगळी बाहेरच्या खोलीत काढून ठेवायची. माझी बोटं तपकिरी झालीत, आणि माझ्या अंगाला दवाखान्याचा वास येतो अशी बारकीची तक्रार आहे. नवरा दाताचा डॉक्टर, तरी तिला दवाखाना माझ्यात दिसतो.

एका छोट्या उपग्रहावर थ्रस्टरसाठी एक जागा रिकामी आहे. ती कुणाला द्यायची ते ४ मार्चला समिती ठरवणार. ही प्रयोगशाळा सरांची, आणि ते यंदा निवृत्त होतायत. उभ्या आयुष्यात त्यांनी थ्रस्टरच बनवले, आणि त्यातला एकही वर गेलेला नाही. कधी पैसे संपले, कधी उपग्रहच रद्द झाला. हा गेला पाहिजे. मला बाकी काही नको.

५ फेब्रुवारी

सुरू झाला! पहिल्याच फटक्यात पेटला, म्हणजे जळत काही नाही, पण आम्ही पेटला असंच म्हणतो. खिडकीच्या काचेतून झोत दिसतो. मी म्हटलं जांभळा, पंपमावशी म्हणाल्या निळा. पंपमावशी म्हणजे आमच्या पंपांची देखभाल करणाऱ्या बाई. इथे सरांच्या खालोखाल जुन्या, आणि भांडायला सगळ्यात पुढे. आम्ही दोघी सरांकडे गेलो. सरांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "सुंदर." यांच्याकडून कधी कुणाच्या बाजूचा निकाल लागायचा नाही.

सकाळी थ्रस्टर सुरू करण्याआधी मी बाहेरूनच कळ फिरवून झोक्याला आतली इवलीशी वजनं लावून बघितली. अमुक वजन ओढलं की झोका किती सरकतो, हे एकदा ठरवून घेतलं की पुढे सरकण्यावरून रेटा काढायचा. हे काम माझं. रोज थ्रस्टर बंद केल्यावर झोका शून्यावर परततो का, तेही मीच बघते. आज अगदी शून्यावर.

११ फेब्रुवारी

रेटा वाढतोय! मला वाटलं होतं फार तर टिकून राहील. पण रेघ रोज थोडी वर. शून्य रोज तपासते, जागच्या जागी आहे, म्हणजे झोक्यात खोट नाही. आतल्या भिंती तापून मुरत असतील, मग वाफ जास्त चांगली कामाला लागत असेल. मी सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असेल."

घरी येऊन नवऱ्याला कागदावर रेघ काढून दाखवली. म्हणाला, "माझ्या पेशंटच्या हिरड्या सुजतात तेव्हा असाच चढता आलेख असतो." याच्याशी लग्न मी कसं केलं?

१२ फेब्रुवारी

आणखी वर.

१७ फेब्रुवारी

आज जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या एका प्रयोगशाळेची गोष्ट निघाली. तिथल्या एका पोराचे आकडे चुकले, आणि त्याच्या साहेबांनी भर सभेत ते फाडले. मी म्हटलं, बरं केलं, चूक ती चूक. सर बराच वेळ डबा पुसत बसले. मग म्हणाले, "आपला आकडा आपण मोडला तर माणूस शिकतो. दुसऱ्याने मोडला की लपवायला शिकतो." सरांचं हे असं. दिवसभरात चार वाक्यं, पण त्यातलं एक घरी घेऊन जावं असं.

जाताजाता मला विचारतात, "तू झेनॉनवर काम करायचीस, तेव्हा गॅसची बाटली कुठे ठेवायचीस गं?"

"बाहेर, सर. चेंबरच्या बाहेर. आत नुसती नळी जायची."

"हं," म्हणाले, आणि चहाला गेले. जुने दिवस आठवत असणार. निवृत्ती जवळ आली की माणूस असं कुठलंही काहीही विचारतो. मला एकदम भरून आलं.

२१ फेब्रुवारी

आज मी सरांवर थोडी वैतागले, आणि त्याचं आता वाईट वाटतंय.

दुपारी येऊन म्हणाले, "आज परत एकदा ती छोटी वजनं लावून बघतेस का?" मी म्हटलं, सर, त्यासाठी थ्रस्टर बंद करून थंड होऊ द्यावा लागेल, अख्खा दिवस जाईल. सुरुवातीला केलंय की. आणि शून्य रोज बरोबर येतंय. गॅसवर असताना आम्ही एकदाच करायचो, मग महिनाभर बघायलाच नको.

"तुझी मर्जी," म्हणाले. आवाजात राग नाही, रुसवा नाही. मीच उगाच फणकारले होते. दुसरा एखादा साहेब असता तर 'मी सांगतोय म्हणून कर' म्हणाला असता. यांनी माझ्या कामात कधी बोट घातलेलं नाही. आपल्या हाताखालच्या माणसावर एवढा विश्वास टाकायला काळीज मोठं लागतं.

रेघ अजून चढतीच.

२४ फेब्रुवारी

पंपमावशींनी आज कानात सांगितलं, की रविवारी त्या पंपाचं तेल बघायला आल्या तर सर एकटेच प्रयोगशाळेत बसलेले. थ्रस्टर बंद, आणि झोका हलत होता.

"काय करत होते?" मी विचारलं.

"काही नाही बाई. खुर्ची ओढून बसले होते झोक्याकडे बघत. मला म्हणाले, मावशी, आज सुट्टी आहे, घरी जा. मी म्हटलं, मग तुम्ही? तर हसले नुसते."

दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून ते चित्र हलेना. बायको वारल्यापासून घरी एकटाच माणूस. सुट्टीच्या दिवशी कुठे जाणार? आपल्या यंत्राजवळ येऊन बसले. आता काहीच महिने उरलेत, मग ही खोली, हा पंपांचा आवाज, सगळं सुटणार. त्यांना पायाच्या तळव्याने कळतं कुठला पंप कुरकुरतोय. जमिनीवर पाय टेकला की सांगतात, तीन नंबरचा बघा. असा माणूस घरी बसून करणार तरी काय?

नवऱ्याला म्हटलं, सरांना एकदा जेवायला बोलवू. तो म्हणाला, बोलव, पण त्यांच्यापुढे रेघ काढू नकोस, दोन घास सुखाने खाऊ दे.

२७ फेब्रुवारी

दोन गोष्टी.

पहिली: कॅथोड. म्हणजे थ्रस्टरच्या तोंडाशी असलेली बारीक नळी, ती तापली की विजेचे कण सोडते, तिच्याशिवाय झोत चालत नाही. सरांनी विचारलं, तिला तापायला वीज हल्ली जास्त लागतेय का. मी बघितलं, किंचित जास्त आहे खरी. पण रेटा वाढतोय म्हटल्यावर थोडी वीज खाल्ली तर खाल्ली. सर म्हणाले, "खाणाऱ्याला काय कमी पडतंय तेही बघावं." मी हसले. ते हसले नाहीत.

दुसरी: समितीची बैठक पुढे गेली! ४ ऐवजी १८ मार्च. सरांनीच फोन करून मागून घेतली. गुडघा फार दुखतोय, प्रवास झेपणार नाही म्हणाले. माझं तोंड पडलं. एवढी सुंदर रेघ हातात, आणि आणखी दोन आठवडे वाट बघायची! पण बिचाऱ्यांच्या दुखण्यापुढे काय बोलणार? दुपारी ते शिडीवर चढून वरचा व्हॉल्व बघत होते. मी ओरडलेच, "सर, गुडघा!" तर म्हणाले, "आत्ता बरा आहे." गुडघ्याचं असंच असतं, येतो-जातो. माझ्या आईचाही तसाच होता.

३ मार्च

टाकीतलं आयोडीन संपत आलं म्हणून आज चेंबर उघडला. आधी हवा आत सोडायची, मग तोंडावर मुखवटे, हातात मोजे, मग दार. आत सगळीकडे तपकिरी धूळ बसलेली, कुणी विडी ओढून गेल्यासारखी.

टाकी नेहमी मावशी काढतात. आज सर म्हणाले, "मावशी नको. तू काढ. दोन्ही हातांनी उचल." मी पाय रोवून उभी राहिले. भरलेली टाकी मीच टांगली होती, तिचा जडपणा माझ्या खांद्यांना आठवत होता. तेवढाच जोर लावून उचलली, आणि माझे दोन्ही हात फटकन वर गेले. टाकी जवळजवळ माझ्या नाकावर.

मी तशीच उभी. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. न वळता म्हणाले, "काय झालं? जड आहे?"

"हलकी आहे, सर."

"हं." मग टोपी घेतली आणि म्हणाले, "मी निघतो. तू बैस सावकाश." दमले असणार.

मी बसले. टाकी मांडीवर घेऊन त्या स्टुलावर किती वेळ बसले, मला माहीत नाही. मावशींनी दोनदा हाक मारली म्हणे.

बारके, बागेतल्या झोपाळ्यावर तू बसलीस आणि मी एका बोटाने रेटलं तर तू लांब जातेस. बाबा बसला आणि तेवढंच रेटलं तर जागचा हलत नाही. सगळं एवढंच आहे. झेनॉनची बाटली बाहेर असायची, म्हणून झोका शेवटपर्यंत तेवढाच जड राहायचा. आयोडीन झोक्यावरच बसलेलं. ते रोज थोडं उडून जात होतं, झोका रोज हलका होत होता, आणि तोच रेटा त्याला रोज जरा जास्त लांब ढकलत होता. शून्य बरोबर यायचंच, कारण रेटा नसला की हलका काय नि जड काय, झोका सरळच लोंबतो. शून्य बघून मी खूश. रोज किती आयोडीन संपलं हेही मीच मोजत होते, तोंडपाठ होतं मला. पण तो आकडा खर्चाच्या तक्त्यात, आणि रेटा दुसऱ्या तक्त्यात. दोघांची गाठ मी कधी घालूनच दिली नाही.

रेटा वाढत नव्हता. माझी रेघ खोटी आहे.

४ मार्च

सकाळी सगळा हिशेब नव्याने मांडला. रोजचं वजन धरून. वाटलं होतं रेघ आडवी होईल. आडवी झाली असती तरी चाललं असतं, टिकाऊ थ्रस्टर म्हणून आम्ही मान वर करून गेलो असतो. पण ती खाली उतरते. दहाव्या दिवसापासूनच हळूहळू उतरते आहे. खोट्या चढाने खरा उतार झाकला होता.

कॅथोड काढून भिंगाखाली धरला. तोंडाशी आयोडीनने कुरतडून भगदाड पाडलंय. हा वर गेला असता तर काही महिन्यांत आकाशात बंद पडला असता. दुसऱ्यांचा उपग्रह, त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत, आणि त्यांना कळलंही नसतं कशामुळे. आज ४ मार्च. बैठक आज होती! आज मी तिथे उभी राहून ती रेघ दाखवत असते.

सरांच्या खोलीत गेले. दार लोटून तिथेच मी म्हटलं, "सर, माझी रेघ खोटी आहे."

त्यांनी हातातला पेन ठेवला. "बस. सांग."

मी सांगितलं. आणि त्या माणसाची बुद्धी बघा! मी अर्धं वाक्य बोलावं आणि पुढचा प्रश्न त्यांनी विचारावा. टाकी म्हणायचा अवकाश, तर म्हणाले, "आणि शून्य हलत नाही." कॅथोड म्हटलं, तर म्हणाले, "तोंडाशी खाल्लाय?" मला हे समजायला महिना लागला. यांना ऐकता ऐकता सगळं उमगत गेलं. शेवटी तर त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, डोक्यावरचं गाठोडं कुणी उतरवून घ्यावं तसा. धक्का बसला की काही माणसांचं असं होतं म्हणतात.

मी म्हटलं, "नशीब तुमचा गुडघा दुखला म्हणून."

"हो ना," म्हणाले, "गुडघ्याचे उपकार." एवढ्या मोठ्या घावानंतरही थट्टा सुचते या माणसाला!

मग मला रडूच फुटलं. माझ्या चुकीचं नाही, त्यांच्या थ्रस्टरचं. म्हटलं, सर, तुमचा एकही वर गेला नाही, हा शेवटचा होता. माझ्यामुळे तुम्ही महिनाभर आशेवर राहिलात. ते उठले, स्वतः चहा करून आणला, माझ्या कपात साखर जास्त टाकली. म्हणाले, "मी काही आशेवर नव्हतो. तू समितीपुढे काय सांगणार ते ठरव."

"सगळं सांगणार."

"मग झालं."

९ मार्च

सर जेवायला आले. बारकीने त्यांना विचारलं, तुमच्या बोटांना आईसारखे डाग का नाहीत? म्हणाले, "आता सगळं काम तुझी आईच करते ना." कौतुक कुठून कसं करतील सांगता येत नाही. नवरा त्यांच्याशी फार बोलला नाही, पण पोचवायला खालपर्यंत गेला आणि बराच वेळ आला नाही. विचारलं तर म्हणाला, दाढेबद्दल विचारत होते.

१८ मार्च

आत्ताच घरी पोचले. झोपण्याआधी लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

मोठं सभागृह, माणसांनी भरलेलं. सर माझ्या शेजारी. गुडघा पूर्ण बरा, जिने माझ्यापुढे चढले. मी दोन्ही रेघा दाखवल्या, आधी चढती, मग उतरती. चढती दाखवली तेव्हा माना डोलत होत्या. उतरती आली तेव्हा मागचे लोक पुढे वाकून बघायला लागले. मी म्हटलं, मोजमाप माझं होतं, चूक माझी होती, या अवस्थेत आमचा थ्रस्टर उपग्रहावर घेऊ नका. शेवटच्या शब्दाला माझा आवाज फाटला. सरांकडे बघायची हिंमत झाली नाही.

जागा दुसऱ्या गटाला गेली. गेलीच.

पण समितीच्या अध्यक्षबाई नंतर म्हणाल्या, की झोक्यावर टाकी ठेवून घन पदार्थ तपासणारे आणखीही गट आहेत, त्या सगळ्यांना आता आपापले आकडे पुन्हा बघावे लागतील. आणि पुढच्या उपग्रहासाठी नव्या कॅथोडसह आमचं नाव त्यांनी आत्ताच लिहून घेतलं. म्हणजे माझं नाव. तोवर सर निवृत्त झालेले असतील, म्हणून काम माझ्या हाती द्यावं असं सरांनीच सुचवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, स्वतःचा आकडा स्वतः मोडणारी माणसं आम्हाला हवीत. मला कानकोंडं झालं. आयुष्य सरांनी घातलं, आणि नाव माझं.

मग त्या सरांकडे वळल्या. "सर, तुमची नजर तर सगळ्यांना माहीत आहे. ही चूक महिनाभर तुमच्यासुद्धा लक्षात आली नाही?"

सर उभे राहिले. "नाही आली," म्हणाले. "मला नाही दिसलं. हिला दिसलं." आणि शांतपणे खाली बसले.

एवढा मोठा माणूस, शेवटची सभा, समोर त्यांच्याच हाताखाली शिकून मोठी झालेली माणसं बसलेली. कुठलीही सबब सांगू शकले असते. वय, गुडघा, माझ्यावर टाकलेला विश्वास, काहीही. एका वाक्यात कबूल केलं की आपल्याला कळलं नाही. पापणी लवली नाही. मी माझी चूक सांगायला रात्र रात्र घोकत होते, तरी आवाज फाटला.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, "त्यांना खरंच नव्हतं दिसलं?"

मी चिडलेच. म्हटलं, सर उभ्या आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या ताटात भात वाढला. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणाऱ्याला काय कळणार मोठी माणसं.